घरसभा दहा माणसांचीच बरी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की बीड, जालना, परभणीकडची माणसे ट्रक-ट्रॅक्टरांत संसार भरून ऊसतोडीला निघतात. त्याच पंधरवड्यात खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या घरसभा एकेक करून बंद पडतात. 'माणसंच नाहीत तर सभा कुणाची घ्यायची?' असे उत्तर मिळते. पुढे महिन्याभराने नाताळ येतो आणि वर्तमानपत्रांत चर्चची रोषणाई, गव्हाणीचे देखावे, केकचे फोटो येतात. त्यात चूक काही नाही. पण उरलेले अकरा महिने ख्रिस्ती माणसाची भक्ती कशावर तगते, हे त्या फोटोंत दिसत नाही. ती तगते आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी ओसरीवर बसणाऱ्या आठ-दहा जणांच्या जिवावर. ही बैठक कशी चालवावी आणि ती कशाने मोडते, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनाही त्यात ओळखीचे काही सापडेल. दिंडीत एकटा वारकरी नसतो.

आधी शब्दाविषयी. नव्या करारात यासाठी 'कोइनोनिया' हा ग्रीक शब्द आहे. मराठी पवित्र शास्त्रात त्याला कुठे सहवास, कुठे सहभागिता म्हटले आहे. शब्द देवळातला नाही, व्यवहारातला आहे. लूकच्या शुभवर्तमानात याकोब आणि योहान यांना शिमोनाचे मासेमारीतले भागीदार म्हटले आहे, तिथे याच धातूचा शब्द आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर ही बटई आहे. बी-खताचा खर्च दोघांचा, पीक दोघांचे आणि पाऊस दडी मारून बसला तर नुकसानही दोघांचे. नुसते शेजारी बसून टाळ्या वाजवणे म्हणजे सहभागिता नव्हे.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय २, वचन ४२ मध्ये पहिल्या मंडळीची चार कामे सांगितली आहेत: प्रेषितांचे शिक्षण, सहवास, भाकर मोडणे आणि प्रार्थना. यांतली तीन आपण रविवारी करतो. सहवास मात्र रविवारी होत नाही आणि होणारही नाही, कारण चर्चमध्ये सगळे एका दिशेने तोंड करून बसतात. समोरच्याची मान दिसते, चेहरा दिसत नाही. तीन रात्रींच्या कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे मोठ्या उपदेशसभेतही, तेच. मांडव मोठा, वक्ते बाहेरगावचे, आवाज दणदणीत. पण आपल्या पोराने शाळा सोडली हे त्या मांडवात कुणालाच माहीत नसते. कन्व्हेन्शनवर लाखभर रुपये सहज उभे करणाऱ्या मंडळीत आठवड्याची एक घरसभा नेमाने चालत नसेल, तर हिशेब कुठेतरी चुकला आहे असे आम्हाला वाटते.

संख्येपासून सुरुवात करावी. सहा ते दहा जण असावेत, बाराच्या वर जाऊ नये. याचे कारण साधा गुणाकार आहे. प्रत्येकाला मन मोकळे करायला तीन मिनिटे दिली तर दहा जणांना अर्धा तास लागतो. वीस जण असतील तर तासभर जातो, म्हणजे मग पाचच जण बोलतात आणि पंधरा ऐकून घरी जातात. ते पाचही दर आठवड्याला तेच असतात. जुन्या करारात इथ्रोने आपला जावई मोशे, इस्राएलांचा पुढारी, याला सल्ला दिला तेव्हा हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर नायक नेमायला सांगितले आणि थेट दहांपर्यंत खाली आणले. मोशेच्या दारात सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसे ताटकळत होती. पन्नास कुटुंबांच्या मंडळीत एकटा पाळक सगळ्यांची घरे करत फिरतो, तेव्हा त्याचीही गत तीच होते.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १७४२ साली मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या मंडळीवर प्रार्थनागृहाच्या बांधकामाचे कर्ज होते. ते फेडण्यासाठी बारा-बारा जणांचे गट पाडून दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करायची, अशी तोड निघाली. ज्याने ती सुचवली त्यानेच वर सांगितले की गरिबातले गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांना जमले नाही तर त्यांचा वाटा मी भरीन. वसुलीला घरोघर फिरणाऱ्यांच्या लक्षात आले की कोणाचे वागणे घसरले आहे आणि कोणाच्या घरात काय जळते आहे, हे आपल्याला आत्ता कुठे कळते आहे. दारोदार फिरण्यात फार वेळ जाऊ लागला, म्हणून मग त्या बारा जणांनी एकत्र जमायचे ठरले. मेथडिस्ट मंडळीची प्रसिद्ध 'क्लास मीटिंग' ती हीच. कर्जाच्या हप्त्यातून सहवास निघाला. आपल्याकडे बचत गटाच्या बायकांना यात नवल वाटणार नाही.

आता बैठकीचा क्रम. एकूण सव्वा तास, त्याहून जास्त नाही. रात्री आठला सुरू केली तर सव्वानऊला उठायचेच. सभा लांबली की पुढच्या आठवड्याला दोन माणसे कमी येतात, कारण पहाटे मळ्यात पाणी धरायला जायचे असते. वार ठरवताना गावचा आठवडी बाजार टाळावा, आणि वेळ घरातल्या बाईच्या चुलीवरून ठरवावी. पुरुषांना सोयीची वेळ साडेसातची असते. तेव्हाच तव्यावर भाकरी असते आणि मग बायका दारातून अर्धेमुर्धे ऐकतात.

पहिली दहा मिनिटे भजन. 'उपासना संगीत' मधली दोन पदे पुरेत. ढोलकी आणि टाळ असले तर उत्तम, नसले तर टाळ्या आहेतच. पेटीचा सूर लावण्यात दहा मिनिटे घालवू नयेत. लाउडस्पीकर तर ओसरीत आणूच नये. दहा जणांना ऐकू जायला तो लागत नाही, आणि शेजाऱ्याशी वितुष्ट यायला तो एकटा पुरतो.

मग पंधरा-वीस मिनिटे वचन. दहा ते पंधरा ओव्यांचा एकच उतारा घ्यावा आणि तो दोन वेगवेगळ्या माणसांनी दोनदा वाचावा. गटात अक्षरओळख नसलेले दोघे-तिघे असतातच. दुसऱ्या वाचनाला त्यांच्या मनात गोष्ट बसते. त्यानंतर उपदेश नाही. तीनच प्रश्न: यात काय सांगितले आहे, यातले मला काय लागते, आणि येत्या आठवड्यात मी नेमके काय करणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'प्रीती करणार' असे चालत नाही. 'बांधावरून अबोला आहे त्या भावाला गुरुवारी फोन करणार' असे उत्तर हवे, म्हणजे पुढच्या खेपेला विचारता येते. घरसभेचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे गटप्रमुखातला प्रवचनकार. त्याला चाळीस मिनिटे मिळाली की बैठकीचे चर्च होते. म्हणून प्रमुख तीन-चार महिन्यांनी बदलावा आणि त्याचे काम घड्याळ बघणे, गप्प बसलेल्याला नावाने विचारणे आणि बोलघेवड्याला 'भाऊ, आता मावशींचं ऐकू' असे हसत थांबवणे एवढेच ठेवावे.

पुढचा अर्धा तास आठवड्याच्या सुखदुःखाचा, मग पंधरा मिनिटे प्रार्थना. प्रार्थना लहान असाव्यात. एकाने सगळ्या जगासाठी दहा मिनिटे मागून झाले की बाकीच्यांना मागायला काही उरत नाही. शेजारच्याने आत्ता जे सांगितले, त्याच्यासाठी दोन वाक्ये त्याच्या समोर मागावीत. आपले नाव दुसऱ्याच्या तोंडून देवापुढे गेलेले ऐकणे हे माणसाला फार धरून ठेवते. प्रवचनाने जे होत नाही ते यातून होताना दिसते.

त्यानंतर चहा. चहाच. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण मराठवाड्यात जितक्या घरसभा भांडणाने मोडतात, जवळजवळ तितक्याच फराळाने मोडतात. पहिल्या घरी चहा होतो, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी पोह्यांवर जिलबी. चौथे घर मजुराचे. ते म्हणते, 'आमच्याकडं पुढच्या महिन्यात ठेवा,' आणि तो पुढचा महिना येत नाही. करिंथच्या मंडळीत हेच झाले होते. प्रभूभोजनाला जमल्यावर एक भुकेला राहत होता आणि दुसरा पिऊन तर्र होत होता, आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असे पौलाने खडसावून विचारले. म्हणून पहिल्याच बैठकीत ठरवून टाकावे: चहा, आणि फार तर त्याबरोबर एकेक बिस्किट. ज्याच्याकडे दूध नाही त्याने काळा द्यावा.

सभा घरोघर फिरती ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते उघड बोलले पाहिजे. बाप्तिस्म्याने जात सुटते असे आपण म्हणतो, पण पाणी कोणाच्या घरचे प्यायचे आणि सोयरीक कोणाशी जमवायची इथे ती परत येऊन बसते. अंत्युखियात प्रेषित पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसत होता. यरुशलेमेहून काही माणसे आल्यावर तो हळूच बाजूला सरला. पौलाने त्याला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावले. पंगतीचा प्रश्न पहिल्या शतकापासूनचा आहे आणि त्यावर भाषणाचा उपयोग होत नाही. दर आठवड्याला घर बदलले की वर्षाकाठी प्रत्येक जण प्रत्येकाच्या घरचा चहा चार-पाच वेळा पितो. एखाद्याचे अमुक घराच्या पाळीलाच नेमके काम निघत असेल, तर प्रमुखाने ते लक्षात ठेवून त्याच्याशी एकांतात बोलावे. आधी एकांतात, हा क्रम मत्तयच्या अठराव्या अध्यायातला आहे.

आता जिभेविषयी. 'त्यांच्या घरासाठी जरा प्रार्थना करा, म्हणजे तुम्हाला कळलंच असेल...' अशी सुरुवात झाली की ती विनंती राहत नाही, चुगली होते. नियम एकच ठेवावा: विनंती स्वतःची आणावी, दुसऱ्याची आणायची तर त्याला विचारून. बैठकीत बोललेले ओसरीबाहेर जाणार नाही, हे महिन्यातून एकदा मोठ्याने म्हणावे, कारण नवा माणूस येत असतो. व्हॉट्सॲप ग्रुप काढला तर त्यावर फक्त वेळ, घर आणि 'आज ऑपरेशन आहे' इतपत निरोप असावेत. सकाळी सहाला फुलांवर छापलेली वचने टाकणाऱ्या ग्रुपमध्ये खरी हाक वाहून जाते, कोणी वर सरकवून बघत नाही.

पापांची कबुली एकमेकांजवळ द्या, असे याकोबाच्या पत्रात आहे. ते दहा जणांत करू नये. दहा जणांपुढे माणूस एकतर खोटे बोलतो किंवा खरे बोलून पुढच्या वेळी येत नाही. त्यासाठी दोघांची किंवा तिघांची जोडी हवी. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. पंधरवड्यातून एकदा, चालता चालता किंवा शेताच्या कडेला, अर्धा तास. दारू, मोबाइलवरचा जुगार, घरातला राग, उधारी हे विषय इथेच निघतात. ऐकणाऱ्याने लगेच उपाय सांगायचा नाही आणि 'मीही असाच होतो' म्हणून आपले पुराण लावायचे नाही. ऐकावे, प्रार्थना करावी, पुढच्या वेळी न विसरता विचारावे.

मात्र काही गोष्टी प्रार्थनेवर थांबवणे हा गुन्हा आहे. नवरा मारतो असे बाईने सांगितले तर 'सहन कर बहिणी, प्रभू बघतो' हे उत्तर नाही. तिच्याबरोबर दवाखान्यात आणि ती म्हणेल तर पोलीस ठाण्यात जायला दोन बाया उठल्या पाहिजेत. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिथे गुप्ततेचा नियम लागत नाही. आणि कर्जाने, नापिकीने खचलेला माणूस 'आता जगून काय करायचं' असे बोलला, तर त्याला वचन ऐकवू नका. त्या रात्री त्याच्याजवळ कोणीतरी झोपायला जावे, घरातली फवारणीची औषधे हलवावीत, आणि दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरकडे न्यावे. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. तो प्रत्येक गटप्रमुखाच्या फोनमध्ये असावा.

पैशांबाबत थोडक्यात. गटातल्या गटात हातउसने देऊ-घेऊ नये आणि भिशी तर मुळीच चालवू नये. हप्ता थकला की माणूस आधी हप्त्याला तोंड चुकवतो आणि मग प्रार्थनेला. त्यापेक्षा मदतीचा डबा ठेवावा. दहा घरांनी आठवड्याला दहा-दहा रुपये टाकले तर वर्षाचे ५,२०० रुपये होतात. छत्रपती संभाजीनगरला घाटीत, म्हणजे सरकारी रुग्णालयात, पेशंट न्यायचा तर गाडीभाडे आणि दोन दिवसांचे जेवण यातून निघते. वही एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे. ही मदत परत मागायची नाही.

दहाचे बारा झाले की गट फोडावा लागतो, आणि तेव्हा रडारड होते. ती होऊ द्यावी. दोन महिने आधी सांगावे, प्रत्येक नव्या गटात दोन जुनी घरे पक्की ठेवावीत, आणि महिन्यातून एकदा दोन्ही गटांची एकत्र बैठक घ्यावी. रुसून झालेली फूट आणि वाढून झालेली फाटणी यांत हाच फरक आहे की दुसरीत आधी सांगितलेले असते.

आपल्या मातीत याचे मोठे प्रयोग होऊन गेले आहेत. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री पुढे जालन्याला आले आणि त्यांनी जवळच बेथेल हे गाव वसवले. त्यासाठी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली होती. ज्याला भाऊबंद पंगतीतून उठवतात आणि गाव पाण्याला तोडते, त्याला आधी राहायला जागा आणि शेजार लागतो, हे त्यामागचे शहाणपण होते. अशा वसाहतींत एक उणीवही राहून जाते. घर, नोकरी, शाळा आणि उपासना एकाच हातून मिळू लागली की माणूस शेजाऱ्याशी खरे बोलायला कचरतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी कल्पना होती. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते गेले. त्यांची पदे मात्र आजही आपल्या ओसऱ्यांवर गायली जातात.

कोणी म्हणेल, भक्ती ही माझी आणि देवाची बाब आहे, मध्ये दहा माणसे कशाला? चौथ्या शतकात बिशप बेसिलने एकांतवासी साधूंना विचारले होते की एकटाच राहिलास तर पाय कुणाचे धुशील. पण याची दुसरी बाजूही आहे. जर्मनीत धर्मशास्त्रज्ञ बोनहोफर यांनी १९३५ मध्ये फिंकेनवाल्डला पाळकांची शाळा चालवायला घेतली. दोन वर्षांनी गेस्टापोने, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, ती बंद पाडली. तिथे सगळे एकत्र राहत, जेवत, गात. तरी रोज अर्धा तास प्रत्येकाने एकट्याने, मौनात, एकाच उताऱ्यावर बसायचे असा नेम होता. ज्याला एकटे बसवत नाही तो गटात नुसता गोंगाट घेऊन येतो. घरसभेला येणाऱ्याने रोजची पंधरा मिनिटे एकट्याने काढलीच पाहिजेत, नाहीतर बैठकीत सांगायला त्याच्याजवळ शेजाऱ्यांच्या बातम्याच असतात.

आता ऊसतोडीचा प्रश्न. टोळीत 'एक कोयता' म्हणजे दोन माणसे, बहुधा नवरा-बायको; एकट्याला 'अर्धा कोयता' म्हणतात. येशूनेही शिष्यांना दोघे-दोघे करून पाठवले. त्याच हिशेबाने मंडळीने निघण्याआधीच्या रविवारी यादी करावी: कोणते कुटुंब कोणत्या कारखान्यावर, कोणत्या मुकादमाकडे. एकाच भागात जाणाऱ्या दोन-तीन घरांची तिथेच गाठ घालून द्यावी आणि त्या तालुक्यातल्या मंडळीला निरोप द्यावा. फडावर सव्वा तासाची बैठक जमणार नाही. पहाटे अंधारात तोड सुरू होते आणि गाडी भरायला रात्री केव्हाही उठावे लागते. तिथे कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, चुलीपुढे पंधरा मिनिटे पुरेत: एक स्तोत्र, एक भजन, एक प्रार्थना. १२१वे स्तोत्र पाठ करून जावे. त्यात जाण्यायेण्याच्या रक्षणाचेच आश्वासन आहे आणि दिवाबत्ती नसली तरी ते म्हणता येते. गावाकडच्यांनी आठवड्यातून एकदा फोन करावा, तो तळावरच्या बाजाराच्या दिवशी संध्याकाळी. त्या दिवशी फोन चार्ज केलेला असतो.

गावात म्हातारी माणसे आणि शाळेसाठी मागे ठेवलेली पोरे उरतात. त्यांची घरसभा बंद करू नये. दोघे-तिघे जमले तरी पुरते, असे वचन आहे आणि ते अशाच हंगामासाठी आहे. पोरांना वाचायला लावावे, आजीने समजावून सांगावे. मार्च-एप्रिलात माणसे परतली की पहिल्या बैठकीत वचनाचा अभ्यास ठेवू नये आणि पाच महिन्यांचा जाबही विचारू नये. कोण जन्मले, कोण गेले, कोणाची उचल (मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम) फिटली, कोणाची अंगावर राहिली, एवढे ऐकून घ्यावे. त्या दिवशी चहा परतलेल्यांच्या घरी नको, मागे राहिलेल्यांच्या घरी असावा.

आपले,
मंडळीतील काही वडीलजन
(जि. जालना)